क्रोबरचं नाव उतरवलं, हॅरिंग्टनचे कागद मात्र रोज उघडले जातायत

नाइल्सकर

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २६ जानेवारी २०२१ रोजी मानववंशशास्त्राच्या इमारतीवरचं 'क्रोबर हॉल' हे नाव काढून टाकलं. आल्फ्रेड क्रोबर (१८७६-१९६०) म्हणजे त्या विभागाचा आद्य पुरुष. १९०१ मध्ये विभाग सुरू झाला तेव्हापासून तो तिथे. कॅलिफोर्नियातल्या आदिवासी भाषांचं जे काही कागदावर उतरलं, त्यातला मोठा वाटा त्याचा आणि त्याच्या विद्यार्थ्यांचा. अर्सुला ली ग्विन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तिचा हा बाप.

आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मराठी मंडळींत हा विषय निघाला की लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार का? दुसरी म्हणते, बरं झालं, साम्राज्यवादी मेले. दोघांचंही भांडण क्रोबर माणूस कसा होता यावर चालतं. मला वाटतं त्याने वहीत काय घेतलं आणि काय सोडलं, हे आधी बघावं.

१९२५ मध्ये त्याचा कॅलिफोर्नियातल्या इंडियन जमातींवरचा जवळजवळ हजार पानांचा ग्रंथ निघाला. आजही संदर्भासाठी तोच उघडतात. सॅन फ्रान्सिस्कोपासून मॉन्टेरेच्या खालपर्यंतच्या पट्ट्यातले लोक (तेव्हा त्यांना कोस्टॅनोअन म्हणत, आज बरेच जण स्वतःला ओहलोनी म्हणवतात) व्यवहारात बघायला गेलं तर संपलेले आहेत, असं त्याने त्यात लिहून टाकलं. उरलीत ती थोडी विखुरलेली, मिश्र वंशाची माणसं.

आता गंमत बघा. त्याच दशकात, बर्कलेपासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, प्लेझंटनजवळच्या वस्तीत मारिया दे लोस आंखेलेस कोलोस आणि होसे गुझमान ही दोघं चोचेन्यो या ओहलोनी भाषेत बोलत होती, गात होती. जॉन पीबॉडी हॅरिंग्टन नावाचा दुसरा एक भाषावेडा त्यांच्याकडे जाऊन पानंच्या पानं भरत होता. फ्रेमाँटकरांना सांगायला नको, हे सगळं आपल्या पायाखालचं आहे. शाळांच्या रेटिंगपायी आपण ज्या मिशन सॅन होजे भागात घरं घेतो, तिथलं ते स्पॅनिश पाद्र्यांचं १७९७ चं मिशन याच लोकांना आणून, राबवून चाललं.

क्रोबरला ते दिसले कसे नाहीत? त्याला हवी होती गोरा माणूस यायच्या आधीची निर्भेळ संस्कृती. चर्चमध्ये जाणारा, स्पॅनिश बोलणारा, कुणाच्या तरी रँचवर गुरं राखणारा माणूस त्याच्या दृष्टीने कामाचा नव्हता. १९२७ मध्ये एका सरकारी अधिकाऱ्याने या मंडळींना जमिनीची गरज नाही असं ठरवलं आणि त्यानंतर जमात सरकारदरबारी हिशेबातून गेली. या लोकांच्या आजच्या जमातीला, मुवेक्मा ओहलोनींना, अजून केंद्रीय मान्यता नाही. हे सगळं क्रोबरच्या एका वाक्याने झालं असं मी म्हणणार नाही, निर्णय बाबूचा होता. पण 'संपले' हा शिक्का विद्यापीठातून आला की बाबूचं काम फार हलकं होतं.

हॅरिंग्टन (१८८४-१९६१) माणूस म्हणून एक नंबरचा खत्रूड. स्मिथसोनियन या वॉशिंग्टनच्या सरकारी संग्रहालय-संशोधन संस्थेच्या नोकरीत जवळजवळ चाळीस वर्षं काढली, पण आपण कुठे आहोत हे सहकाऱ्यांना कळू द्यायचा नाही, कागद लपवायचा, पत्रांतून ज्यू लोकांबद्दल गरळ ओकायचा. मेल्यावर त्याचे खोके गॅरेजांत आणि गोदामांत सापडत राहिले. अंदाजे दहा लाख पानं! छापलं त्यातलं अगदी थोडं. याच खत्रूड माणसाच्या कागदांवरून आज नातवंडं-पतवंडं आपली भाषा पुन्हा बोलू लागलीत, आणि भल्या माणसाच्या ग्रंथातलं वाक्य मात्र त्यांना अजून नडतंय.

म्हणून विचारतो, या पिढीचं मूल्यमापन नेमकं कशावर करायचं?

तिरपागडा

धागा चांगला, पण एकतर्फी. क्रोबर हा अमेरिकी मानववंशशास्त्राचा पाया घालणाऱ्या फ्रांझ बोआसचा चेला. 'वंशावरून माणसाची अक्कल ठरत नाही' हे ज्या काळात सांगणं धाडसाचं होतं त्या काळात या लोकांनी सांगितलं. त्याच्या आधी कॅलिफोर्नियात काय होतं? आदिवासींना मारण्यासाठी राज्य सरकार पैसे मोजत होतं. त्या पार्श्वभूमीवर एक माणूस वही घेऊन जातो आणि म्हणतो, तुमची भाषा सांगा, मी लिहून ठेवतो. त्याला २०२१ ची फूटपट्टी लावायची?

आणि म्हातारपणी, पंच्याहत्तरी उलटल्यावर, हाच क्रोबर इंडियन दावा आयोगासमोर जमातींच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. अख्खा कॅलिफोर्निया त्यांचा होता, वापरात होता, हे नकाशे मांडून सांगितलं. हे तुमच्या पोस्टमध्ये का नाही?

नाइल्सकर

घ्या, ते नव्हतं हे खरं, आता आलं. साक्ष दिली आणि ती कामालाही आली. पुढे तडजोड झाली, भरपाई ठरली एकरी ४७ सेंट. सोन्याच्या कॅलिफोर्नियाची! त्यात क्रोबरचा दोष नाही.

मात्र तुमचा मुद्दा पुन्हा 'माणूस चांगला होता' याच्याशी येऊन थांबतो. ते मी पहिल्या पोस्टमध्येच मान्य केलंय.

गौराई

हा तोच ना, ज्याने त्या 'शेवटच्या रानटी माणसाला' म्युझियममध्ये ठेवलं होतं? लहानपणी कुठल्या तरी दिवाळी अंकात वाचल्याचं अंधुक आठवतंय. कुणी नीट सांगेल का?

कंदील

गौराई, तोच. इशी. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याशी उपाशी, एकटा सापडला. त्याचे लोक, म्हणजे याना समूहातली 'याही' नावाची जमात, गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात अक्षरशः शिकार करून मारले होते. त्याची भाषा कुणाला कळेना म्हणून गावच्या शेरीफने त्याला कोठडीत ठेवलं. क्रोबरचा सहकारी वॉटरमन तिथे गेला तो याना भाषेची छापील शब्दयादी घेऊन. एकेक शब्द वाचत राहिला, समोरच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी पिवळ्या पाइनचा शब्द आला. दोघं ज्या खाटेवर बसले होते तिची चौकट त्याच लाकडाची होती. वॉटरमनने ती ठोकून दाखवली आणि इशीला बोलायला माणूस मिळाला.

पुढची साडेचार वर्षं तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या म्युझियममध्ये राहिला. पगारी कामगार म्हणून झाडलोट करायचा, रविवारी लोकांसमोर बाण घडवून दाखवायचा. मेणाच्या नळकांड्यांवर त्याच्या गोष्टी आणि गाणी ध्वनिमुद्रित केली, त्या काळच्या मानाने तासन्‌तास. १९१५ च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपीर हा भाषाशास्त्रज्ञ आला आणि त्याने इशीकडून भाषा उतरवून घेतली, तीही इशी आजारी असताना. २५ मार्च १९१६ ला क्षयाने गेला.

आता क्रोबरचा भाग. तो तेव्हा न्यूयॉर्कला होता. मृतदेहाची चिरफाड होऊ देऊ नका, विज्ञान गेलं खड्ड्यात, अशा अर्थाचं पत्र त्याने धाडलं. पत्र पोचेपर्यंत शवविच्छेदन उरकलं होतं आणि मेंदू काढून ठेवला होता. इथपर्यंत क्रोबरची बाजू स्वच्छ आहे. पण परत आल्यावर त्याने काय केलं? तोच मेंदू १९१७ मध्ये स्मिथसोनियनमधल्या ह्रडलिचका या मानववंशशास्त्रज्ञाकडे स्वतःहून पाठवून दिला. तो तिथे संग्रहात पडून राहिला. १९९९ मध्ये शोध लागला, २००० मध्ये याना लोकांच्या जवळच्या जमातींकडे सोपवला गेला आणि मग अस्थींसोबत कुठे पुरला ते त्यांनी जाहीर केलं नाही. योग्य केलं.

ज्याला मित्र म्हणतो त्याचा मेंदू पार्सलने कसा पाठवतो माणूस, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

निवृत्त_मास्तर

या पिढीच्या मोजमापाच्या नादाचा एक धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येतो. इरावतीबाई कर्वे १९२७ नंतर बर्लिनला होत्या, ऑयगेन फिशरच्या हाताखाली. हा फिशर म्हणजे वंशशुद्धीचा शास्त्री, पुढे नाझींचा लाडका. बाईंना विषय दिला कवट्यांच्या असममितीचा. गोऱ्यांच्या कवटीत काही वेगळं निघतं का ते दाखवायचं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्याच्याशी संबंध दिसत नाही असं लिहून मोकळ्या झाल्या. गुरूची मर्जी सांभाळली नाही. तरी त्या कवट्या आल्या कुठून, तर आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून. आणि भारतात परतल्यावर बाईंनीही माणसांची डोकी-नाकं मोजायचं सोडलं नाही, हेही खरं.

सांगायचं इतकंच की ही फक्त अमेरिकेची उठाठेव समजू नका.

सातपुडा_पॅसेंजर

मास्तर, अगदी. मी जळगाव जामोद भागातला, म्हणून निहालीबद्दल लिहितो. कुणी ऐकली नसेल तर: बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मोजक्या गावांत बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास धरतात. शेजारी कोरकू आहे, तिच्यातले ढीगभर शब्द निहालीत आलेत, मराठी-हिंदीतलेही आलेत. ते सगळे बाजूला काढले तरी चतुर्थांश शब्द असे उरतात की जगातल्या कुठल्याच भाषेशी त्यांचं नातं जुळत नाही. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ जिच्यासाठी जीव टाकतात, ती भाषा आमच्या तालुक्यात बाजाराच्या दिवशी कानावर पडते आणि आम्ही 'काय ते जंगलातलं बोलतात' म्हणून पुढे जातो.

ग्रियर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषा-सर्वेक्षणात १९०६ च्या खंडात स्टेन कोनो यांनी तिची नोंद केली. ग्रियर्सनची पद्धत ठाऊक असेलच. साहेब स्वतः गावोगाव फिरले नाहीत. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट आणि ठरलेली शब्दयादी जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली, तिथल्या अंमलदारांनी कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलं. नमुना कुठल्या जिल्ह्यातला ते मिळतं. सांगणारा कोण, बाई की बुवा, हे बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

दुसरीकडे महसूल आणि पोलिसांचे कागद. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात नोंदवलंय की जुन्या मराठी दस्तऐवजांत 'नहाल, भिल्ल, कोळी' हे शब्द लुटारू टोळ्यांसाठी एका दमात येत. शिक्का बसला तो बसलाच. १९६२ मध्ये डच पंडित कुइपर यांनी निहालीवर मोठा अभ्यास छापला, उत्तम अभ्यास आहे, पण त्यांनीही एक शंका काढलीच: ही मुळात भाषाच आहे की चोरांची सांकेतिक बोली? म्हणजे अंमलदाराच्या डायरीतला संशय भाषाशास्त्राच्या पुस्तकात शिरला. नाइल्सकर, तुमच्या 'संपले'सारखंच आहे हे.

याहून वाईट बघायचं असेल तर केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचं १९०८ चं पुस्तक बघा, मुंबई इलाख्यातल्या तथाकथित गुन्हेगार जमातींवरचं. वस्ती, पेहराव, चोरीची पद्धत यांच्या बरोबरीने बोली आणि बोलण्याच्या लकबी यांचंही कलम. भाषेची नोंद कशासाठी, तर माणूस ओळखून पकडता यावा! १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या लोकांच्या बोलींचं आपल्याकडचं बरंचसं जुनं टिपण हे असं आहे. आज एखाद्या पारधी मुलीला आजीच्या भाषेतला शब्द शोधायचा झाला तर तिने तो पोलिसांच्या हस्तपुस्तिकेत शोधायचा का?

गौराई

शेवटचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला.

तिरपागडा

सातपुडा, पोस्ट जबरी. पण पोलिसाचं पुस्तक आणि क्रोबरचा ग्रंथ एका तागडीत घालू नका. केनेडीला भाषेशी देणंघेणं नव्हतं. क्रोबरने युरोक लोकांच्या कथा वर्षानुवर्षं बसून लिहून घेतल्या, सांगणाऱ्यांची नावं दिली, त्यांच्याबद्दल लिहिलं. हेतूला काही किंमत आहे की नाही?

सातपुडा_पॅसेंजर

आहे ना. तागडी एक नाहीच. पण ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या नातवाला दोन्ही पुस्तकं सारखीच लांबची, इतकंच म्हणतोय.

वाकडीतिकडी

मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, हॅरिंग्टनच्या कागदांवर थोडंफार काम केलंय, म्हणून लिहिते. नाइल्सकरांनी 'काय घेतलं, काय सोडलं' म्हटलं ना, त्याचं एक उदाहरण जवळून दाखवते.

पान कसं असतं बघा. एका कागदावर बऱ्याचदा एकच शब्द किंवा एकच किस्सा (दहा लाख पानं उगीच नाही झाली). अर्धं स्पॅनिश, अर्धं इंग्रजी, मध्येच मूळ भाषा, तीही त्याच्या स्वतःच्या उच्चारचिन्हांत. सांगणाऱ्याच्या नावाचा संक्षेप. आणि मग जे समोरचा बोलला ते सगळं: शब्दाचा अर्थ, त्यावरून आठवलेली शेजारीण, तिचं लग्न, त्या लग्नातलं भांडण. क्रोबरच्या शिस्तीत हे सगळं गाळलं गेलं असतं.

कार्मेलच्या इसाबेल मेडोज (१८४६-१९३९). आई स्थानिक, बाप इंग्रज खलाशी. रम्सेन आणि एस्सेलेन या तिथल्या लोकांबद्दल जे ठाऊक आहे त्यातलं कितीतरी त्यांच्या तोंडून आलंय. हॅरिंग्टनने त्यांना म्हातारपणी वॉशिंग्टनला नेलं, घरापासून अख्खा देश ओलांडून, आणि त्या तिथेच वारल्या. हे क्रौर्यच होतं असं माझं मत. पण बाई काय सांगून गेल्या ऐका. विसेंता गुत्येरेझ नावाची मुलगी, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत चर्चमध्ये कबुलीला गेली, पाद्री रेआलने तिच्यावर बलात्कार केला, ती रडत घरी पळत आली आणि तिने सगळ्यांना सांगितलं. इसाबेलबाईंच्या जन्माच्या आसपासची किंवा आधीचीच घटना असणार ही, वस्तीतल्या बायकांनी तोंडोतोंडी जपलेली. व्याकरणाच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्य. इसाबेलबाईंनी मात्र ती विसेंताच्या नावासकट, पाद्र्याच्या नावासकट सांगितली आणि हॅरिंग्टनने, काहीही न गाळण्याच्या त्याच्या रोगामुळे, लिहून ठेवली. डेबोरा मिरांडा या त्याच लोकांतल्या कवयित्री-प्राध्यापक. त्यांनी २०१३ च्या पुस्तकात विसेंताला पत्रच लिहिलंय.

माझ्या मते इसाबेलबाई 'माहिती पुरवणाऱ्या' नव्हत्याच. या पगारी लेखनिकाच्या हातून त्या आपल्या पुढच्या पिढ्यांना निरोप पाठवत होत्या. असंसिऑन सोलोर्सानो यांचंही तेच. मुत्सुन ही आणखी एक ओहलोनी भाषा बोलणाऱ्या शेवटच्यांपैकी, वैद्यकी करणाऱ्या. १९२९ मध्ये हॅरिंग्टन त्यांच्या अंथरुणाशी बसून लिहीत होता, जानेवारी १९३० मध्ये त्या गेल्या. मरणाच्या दारातल्या बाईला शब्द विचारत बसणं हे त्याच्या बाजूने निर्दय वाटतं. पण सांगायचं की नाही हे बाईंच्या हातात होतं, आणि त्यांनी सांगायचं ठरवलं.

त्या पानांवरून, आणि त्याही आधी मिशनमधल्या आरोयो दे ला क्वेस्ता या पाद्र्याने टिपलेल्या वाक्यांवरून, २०१६ मध्ये मुत्सुन-इंग्रजी शब्दकोश निघाला. तीन लेखिका, त्यातल्या किरिना गेअरी या स्वतः मुत्सुन.

निवृत्त_मास्तर

वाकडीतिकडी, फार छान लिहिलंत. हॅरिंग्टनच्या बायकोबद्दलही काहीतरी वाचलं होतं.

वाकडीतिकडी

हो काका, कॅरोबेथ! त्याच्या वर्गात विद्यार्थिनी होती, १९१६ मध्ये लग्न झालं. नवऱ्याने तिला बिनपगारी मदतनीस, ड्रायव्हर, सगळं केलं. चेमेहुएवी भाषेच्या कामासाठी त्याने तिला अ‍ॅरिझोनाला पाठवलं, तिथे तिला जॉर्ज लेअर्ड नावाचा चेमेहुएवी भेटला. हॅरिंग्टनला सोडचिठ्ठी देऊन तिने त्याच्याशी लग्न केलं. भाषा संसारात राहून शिकली. हॅरिंग्टनबद्दलच्या आठवणी छापून आल्या तेव्हा ती ऐंशीची होती, आणि पुढच्याच वर्षी चेमेहुएवींवरचं पुस्तक. तिच्या नावाची इमारत कधी कुठे नव्हतीच, त्यामुळे उतरवायचाही प्रश्न नाही :)

बर्कलेच्याच अँड्रू गॅरेट यांनी या नाव-प्रकरणावर २०२३ मध्ये सविस्तर पुस्तक लिहिलंय. तिरपागडांना आवडेल, क्रोबरच्या कामाची बाजू त्यात नीट आहे.

तिरपागडा

शोधतो, धन्यवाद. इसाबेलबाईंच्या गोष्टीने मी थोडा गप्प झालोय हे मान्य. तरी एक खोचक प्रश्न: मग नाव काढून फायदा कुणाचा झाला? पाट्या बदलणं सगळ्यात स्वस्त. आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षं घरं जळली, माणसं मेली. इथे एका ईमेलमध्ये काम झालं आणि विद्यापीठाच्या कपाटांत हजारो आदिवासी पूर्वजांच्या अस्थी होत्या तशाच. त्या परत करा म्हणून १९९० चा कायदा आहे ना?

कंदील

इथे मात्र मी तिरपागडाशी शंभर टक्के सहमत. कायदा येऊन तीसेक वर्षं झाली तरी बर्कलेचा वेग गोगलगायीचा. पाटी उतरवायला शिडी पुरते.

नाइल्सकर

अस्थींबद्दल दुमत नाही. पण पाटीचा काहीच उपयोग नाही हेही पटत नाही. ज्या पोराला त्या इमारतीत आजीच्या आवाजाची रेकॉर्डिंग ऐकायला जायचंय, त्याने दारावर 'तुम्ही संपलात' म्हणणाऱ्याचं नाव वाचून आत का शिरायचं?

आणि त्याच इमारतीची पुढची गोष्ट ऐका. तिथे विद्यापीठाचं हर्स्ट म्युझियम आहे. त्याच्या अंगणात २०२२ मध्ये 'कॅफे ओहलोनी' सुरू झालं. चालवणारे दोघं: व्हिन्सेंट मेडिना, चोचेन्यो, लुई ट्रेविनो, रम्सेन. दोघांनीही आपापली भाषा शिकली ती हॅरिंग्टनच्या टिपणांवरून. जेवणात एकॉर्नचं सूप, स्थानिक पालेभाज्या, आणि स्वागत चोचेन्योमध्ये. टिपणांतले खाण्याचे उल्लेख, कुठली पानं कधी खुडायची वगैरे, तेही त्यांनी ताटात आणलेत. ज्या लोकांना क्रोबरने १९२५ मध्ये 'संपवलं', ते एकेकाळी त्याचंच नाव असलेल्या इमारतीच्या अंगणात पंगत वाढू लागले.

गौराई

एकॉर्न म्हणजे ते ओकचं फळ ना? कडू लागत नाही?

नाइल्सकर

दळून पाण्याने धुऊन धुऊन कडूपणा काढतात. चव फार सौम्य, आपल्या नाचणीच्या आंबिलात मीठ विसरलं तर लागेल तशी काहीशी.

सातपुडा_पॅसेंजर

वाकडीतिकडी, मला खरा अडतो तो पुढचा प्रश्न. स्मिथसोनियनने हॅरिंग्टनचे कागद सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवलेत म्हणे. चांगलंच आहे. पण त्यात औषधं असणार, मंत्र असणार, पूर्वजांना कुठे पुरलं ते असणार. सांगणाऱ्या बाईने 'हे इंटरनेटवर टाका' असं म्हटलेलं नाही.

वाकडीतिकडी

बरोबर नस पकडलीत. यावर प्रत्येक जमातीचं मत वेगळं आहे, आणि एकाच जमातीत घरागणिकही. काहींचं म्हणणं, सगळं मोकळं असल्यामुळेच आम्हाला कुणाची परवानगी न मागता आमचे शब्द मिळाले; उद्या विद्यापीठ दारवान झालं तर पुन्हा त्यांच्याच हातात किल्ली. काहींना दफनभूमीचे उल्लेख तरी झाकलेले हवेत, कारण थडगी उकरणारे टपलेले असतातच. मी स्वतः दुसऱ्या बाजूची. शब्द मोकळे, जागा झाकलेल्या, आणि काय झाकायचं ते वंशजांनी ठरवायचं.

बर्कलेला १९९० च्या दशकापासून दर दोन वर्षांनी एक कार्यशाळा भरते. जमातींची माणसं येतात, प्रत्येकाला एक भाषाशास्त्राचा विद्यार्थी जोडून देतात, आणि दोघं मिळून जुनी टिपणं उघडतात. यात कामाचा क्रम उलटा होतो: काय शोधायचं ते जमातीचा माणूस सांगतो, विद्यार्थ्याने ते शोधून वाचून द्यायचं. पुष्कळांना पहिल्यांदा हवी असते ती प्रार्थना किंवा बाळाशी बोलायची वाक्यं. त्यांना क्रियापदाची कोष्टकं नको असतात. आणि बाळाशी बोलायची वाक्यं या सगळ्या पंडितांच्या कागदांत सगळ्यात कमी!

निवृत्त_मास्तर

हे आपल्याकडे करता येईल का? ग्रियर्सनची ध्वनिमुद्रणं तर उपलब्ध आहेत.

सातपुडा_पॅसेंजर

आहेत मास्तर. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ग्रामोफोनच्या तबकड्या फुकट ऐकता येतात. मध्य प्रांत आणि मुंबई इलाख्यातल्या काही बोलीही आहेत, बहुतेकींत तोच उधळ्या मुलगा घरी परततो. निहालीसाठी डेक्कन कॉलेजमध्ये असताना शैलेंद्र मोहन यांनी अलीकडे गावांत राहून काम केलंय, ते फार पुढचं पाऊल. पण ती सामग्री गावच्या शाळेतल्या पोरांच्या हातात कशी पडेल? मास्तरांना मराठी शिकवायची घाई, आईबापांना पोरगं हसण्यावारी जाऊ नये म्हणून निहाली घरातच ठेवायची घाई.

तिरपागडा

तुमच्या ओळखीत निहाली बोलणारं कुणी शिकलंसवरलेलं आहे का? पुण्यात आमचा तीन-चार जणांचा गट आहे, ध्वनिमुद्रण, टंकन वगैरे फुकट करून देऊ. क्रोबरगिरी करणार नाही, शब्द देतो.

सातपुडा_पॅसेंजर

हसलो :) दोन पोरं आहेत, एक आयटीआय करतोय, एक आश्रमशाळेवर शिक्षक. त्यांना आधी विचारतो, त्यांना काय रेकॉर्ड करायचंय. 'काहीच नाही' म्हणाले तर काहीच नाही. चालेल?

तिरपागडा

चालेल. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

वाकडीतिकडी

शिक्षकाला विचाराल तेव्हा बाळाशी बोलायच्या वाक्यांचंही विचारा हो.